जरा लक्ष ठेव हं

फिलिपिन्समधल्या घरांत रोज कुणी ना कुणी कुणाला तरी सांगत असतं : "बान्तायान मो आंग सिनाइंग." चुलीवरच्या भाताकडे लक्ष ठेव. सांगणारी बहुतेक वेळा आई असते, ती व्हिनेगर नाहीतर मीठ आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेली असते, आणि ज्याला सांगितलं ते पोर आठ-नऊ वर्षांचं असतं.

हे लक्ष ठेवणं म्हणजे नेमकं काय, ते बघण्यासारखं आहे. तांदूळ धुऊन पातेल्यात सपाट केलेले असतात. त्यांच्यावर बोटाचं टोक टेकवून पहिल्या पेरापर्यंत पाणी घातलेलं असतं. उकळी फुटली की झाकण किलकिलं करायचं, नाहीतर पेज उतू जाते आणि खालचा जाळ विझतो. पाणी आटून भातावर बारीक भोकं दिसायला लागली की आच अगदी मंद करायची, झाकण घट्ट बसवायचं आणि दहा-पंधरा मिनिटं वाफेवर सोडून द्यायचं. या शेवटच्या टप्प्याला 'इनिन' म्हणतात. इथे आच कमी करायची राहिली तर तळाला 'तुतोंग' धरतो, म्हणजे आपली खरवड. थोडा तुतोंग आवडीने खाल्लाही जातो, पण फार झाला तर सगळ्या भाताला करपट वास लागतो. पोराने ढवळायचं नसतं, सारखं झाकण उघडून बघायचंही नसतं. त्याने तिथे असायचं असतं, आणि दोन वेळा, बरोबर त्या क्षणी, हात पुढे करायचा असतो.

त्या वाक्यातल्या 'बान्ताय' या शब्दाचा सगळा अर्थ मला त्या पातेल्यापाशी दिसतो. शब्दकोशात राखण, पहारा, रखवालदार असे अर्थ मिळतात आणि ते चूक नाहीत. पण मराठीत पहारा म्हटलं की काठी दिसते, पाळत म्हटलं की संशय येतो, राखण म्हटलं की शेत आठवतं. बान्तायमध्ये हे सगळं मावतं आणि शिवाय भातही मावतो. उच्चार करताना जोर शेवटच्या 'ताय'वर द्यायचा आणि 'त' दंत्य, आपल्या 'ताई'मधला. इंग्रजी लिपीतून वाचणारे त्याचं काहीबाही करतात, देवनागरीत मात्र तो नीट बसतो.

तागालोग, सेबुआनो, हिलिगायनोन, वाराय, बिकोल, इलोकानो या फिलिपिन्सच्या मोठ्या भाषांत हा शब्द जवळपास जसाच्या तसा आहे. देशात भाषा किती, हे मोजणाऱ्यावर ठरतं. १३० पासून १८० च्या पुढेपर्यंत आकडे सांगितले जातात. मनिलाचा माणूस आणि सेबूचा माणूस आपापल्या भाषेत बोलायला लागले तर एकमेकांना धड समजत नाहीत, इतकं त्यांच्यात अंतर आहे. तरी बान्ताय दोघांना कळतो.

शब्द एकच, पण त्याला लागणारे प्रत्यय पाहिले की मजा येते. 'माग्बान्ताय' म्हणजे राखण करणं, आणि हे रूप राखणाऱ्याकडे बोट दाखवतं. 'नागबाबान्ताय' म्हणजे राखत आहे. 'बा' दोनदा आला की काम चालू आहे, संपलेलं नाही, हे कळतं. 'बान्तायान' म्हटलं की वाक्याचा तोल राखल्या जाणाऱ्या गोष्टीकडे झुकतो. 'बिनाबान्तायान' म्हणजे जिच्यावर आत्ता लक्ष ठेवलं जात आहे ती. यात 'इन' हा तुकडा शब्दाच्या पोटात, पहिल्या 'ब'च्या मागे, घुसवलेला आहे. आपल्याकडे प्रत्यय शेपटीला लागतात, उपसर्ग डोक्याला, पोटात शिरणारे हे तुकडे आपल्याला नवखे. ठरावीक भात, ठरावीक पोर, ठरावीक पेशंट अशी वस्तू डोळ्यांसमोर असली की तागालोग बोलणारा सहसा हेच दुसऱ्या प्रकारचं रूप उचलतो. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने मधोमध भात असतो, पोर बाजूला. मराठीत 'पोराने भात राखला' म्हणताना क्रियापद भाताच्या मागे जातं, त्याची थोडी आठवण होते.

इलोकानोत 'तू राख' म्हणायला 'बान्तायाम' पुरतं, 'तू' शेवटच्या 'म'मध्ये विरघळलेला असतो. सेबुआनोत 'बान्तायी'. आणि त्याच सेबुआनोत भांडण पेटलं की 'बान्ताय का!', म्हणजे थांब, बघतोच तुझ्याकडे. जपणं आणि धमकावणं एकाच शब्दात. आपलं 'बघून घेईन' आणि 'बघ हं जरा बाळाकडे' असंच नाही का?

सरकारी इस्पितळांत मात्र हा शब्द नाम होऊन येतो. पेशंटसोबत राहणारा माणूस म्हणजे 'बान्ताय'. वॉर्डात शिरताना विचारतात, "सिनो आंग बान्ताय?" बान्ताय कोण? एका पेशंटमागे साधारण एक बान्ताय, त्याच्या गळ्यात पास. बदली करायची तर दाराशी पास हातातून हातात द्यायचा आणि एक आत गेला की दुसऱ्याने बाहेर यायचं. अनुभवी बान्ताय घरून चटई, थर्मास, पंखा म्हणून वापरायला पुठ्ठा, चार्जर आणि विम्याच्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन येतो. खुर्ची मिळाली तर ठीक, नाहीतर झोप खाटेखाली.

त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'स्वेरो', सलाइनची बाटली. वॉर्डात नर्सा थोड्या आणि खाटा फार. बाटली संपायच्या आत हाक मारायची जबाबदारी बान्तायची. पातळी बाटलीच्या मानेपर्यंत आली की उठायचं, रिकामी होईपर्यंत थांबायचं नाही. रात्री दोन-तीनच्या सुमाराला डोळा लागला तर नळीत रक्त उलटं चढतं, सुईत गुठळी धरते आणि सुई दुसऱ्या हातात नव्याने टोचावी लागते. फार्मसीत औषध नसेल तर चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात पळायचं, आणि तेवढ्या वेळापुरतं शेजारच्या खाटेच्या बान्तायला सांगून जायचं. श्वासाचं यंत्र मिळालं नाही म्हणून नातेवाइकांनी आळीपाळीने हाताने रबरी फुगा दाबत रात्र काढल्याच्या घटनाही तिथे नवलाच्या नाहीत. त्या फुग्याची लय चुकवून चालत नाही. थकलेला हात घाई तरी करतो किंवा मंदावतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलावा लागतो. अशा घरांत 'बान्ताय कोण आहे?' हा प्रश्न 'डॉक्टर कोण आहे?' याच्या आधी विचारला जातो.

मेल्यावरही बान्ताय सुटत नाही. अंत्यसंस्काराआधी तीन ते सात दिवस मृतदेह घरात किंवा चॅपेलमध्ये ठेवतात आणि त्याला क्षणभरही एकटं सोडत नाहीत. रात्रभर कुणीतरी जागं हवं, म्हणून कॉफी, बिस्किटं आणि पत्ते. पत्त्यांच्या डावातला काही वाटा दुःखातल्या घराला जातो. लोक जुगार खेळतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पहाटे चार वाजता जागं राहून बघावं.

शब्दाचा जुना, दगडी चेहरा पाहायचा तर समुद्रकाठी जावं लागतं. सेबू बेटाच्या वायव्येला बान्तायान नावाचं बेट आहे. 'आन' हा प्रत्यय जागा दाखवतो, म्हणून बान्तायान म्हणजे टेहळणीची जागा. दक्षिणेकडून, सुलू आणि मिंदानाओच्या बाजूने, इरानुन आणि बालांगिंगी लोकांची मोठी जहाजं येत आणि गावंच्या गावं गुलाम म्हणून उचलून नेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला हे फार वाढलं. 'हाबागात', म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारा, हा त्यांचा हंगाम. कोकणात नैर्ऋत्येचा वारा सुटला की होड्या वर ओढतात. तिथे त्याच दिवसांत लोक क्षितिज बघत बसत.

त्यासाठी किनाऱ्यावर पोवळ्याच्या दगडाचे बुरूज उभे राहिले. सेबुआनोत त्यांना 'बान्तायान सा हारी' म्हणतात, राजाचा टेहळणी-बुरूज. दक्षिण सेबूत बोल्जोऑनच्या फादर हुलियान बेर्मेहोने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा बुरुजांची साखळीच बांधवली. एकावरून दुसऱ्याला इशारा आणि दुसऱ्यावरून तिसऱ्याला. बुरूज स्वतः फार काही थोपवू शकत नव्हते. गावकऱ्यांना डोंगराकडे पळायला किंवा होड्या काढायला वेळ मिळवून देणं एवढंच त्यांचं काम होतं. पुन्हा तेच : दिसणं, आणि वेळेवर हाक. पलीकडच्या बोहोलमध्ये मारिबोहोकजवळ पुन्ता क्रुस इथे १७९६ चा बुरूज आहे. १५ ऑक्टोबर २०१३ च्या ७.२ तीव्रतेच्या भूकंपात तो ढासळला आणि नंतर पुन्हा उभा केला गेला.

दक्षिण सेबूतल्या ओस्लोब गावासमोरच्या सुमिलोन या छोट्या बेटावरही असा एक बुरूज आहे. त्या बेटाभोवती बान्तायची दुसरी गोष्ट घडली, आणि ती मला बुरुजापेक्षा महत्त्वाची वाटते. १९७४ साली सिलिमान विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांच्या पुढाकाराने सुमिलोनच्या प्रवाळाचा एक भाग मासेमारीला बंद झाला. देशातलं हे पहिलंच समुद्री अभयारण्य. दहा वर्षं ते टिकलं. बंद भागातले मासे वाढून बाहेर येत आणि उरलेल्या पाण्यात कोळ्यांना भरपूर मिळत. १९८४ मध्ये स्थानिक राजकारण फिरलं, राखण सुटली आणि राखीव भागातही जाळी पडायला लागली. कुणालाही वाटेल की मासेमारीची जागा वाढली, तर मासळीही वाढेल. उलट दीड-दोन वर्षांत एकूण पकड साधारण निम्म्यावर आली. अशी तुलना ठरवून कुणी केली नसती. राखण मोडली आणि प्रयोग आपोआप घडला.

समुद्रापलीकडे नेग्रोसजवळच्या आपो बेटावर अल्काला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा रस्ता धरला. १९८२ पासून गावकऱ्यांशी बोलून, १९८५ मध्ये रीतसर, बेटाच्या एका बाजूचा थोडासा किनारा बंद झाला. राखायला गावातलेच लोक. ते आजही टिकून आहे.

आता या कामाला नाव आहे 'बान्ताय दागात'. दागात म्हणजे समुद्र. १९९१ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचं पाणी नगरपालिकांच्या ताब्यात दिलं, आणि १९९८ च्या मत्स्य कायद्याने ३ टनांहून मोठ्या, म्हणजे व्यापारी, होड्यांना त्या पट्ट्यातून मुळात बाहेर ठेवलं. राखायला कोळीच, नगरपालिकेकडून अधिकारपत्र मिळालेले, मानधन तुटपुंजं. दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेली बांग्का होडी, तिच्यावर एक पेट्रोल इंजिन, टॉर्च, आणि आता एक मोबाइल. स्फोटाची मासेमारी रात्रीपेक्षा पहाटे जास्त, कारण मासा तरंगताना दिसायला उजेड हवा. खताच्या अमोनियम नायट्रेटची बाटली बनते. पाण्याखालच्या स्फोटाचा दणका दूर बसलेल्या होडीच्या तळालाही जाणवतो.

पकडलेल्या होडीत बाटली सापडत नाही, ती आधीच समुद्रात गेलेली असते. मग मासा साक्ष देतो. पोट चिरून हवेची पिशवी फाटली आहे का, मणक्याचा तुकडा पडला आहे का, काट्याभोवती रक्त साकळलं आहे का ते बघायचं. जाळ्यातल्या माशाला हे होत नाही. नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर सरकारी तपासनिसाकडे न्यायचा. बर्फ वितळला, मासा नासला, की खटलाही नासला. 'साक्सी' हा तागालोग शब्द साक्षीदारासाठी आहे, आपल्याच साक्षीचा. मासा साक्सी, कोळी बान्ताय.

बिघडतं ते बहुधा कायद्यामुळे नाही. पेट्रोल महिन्याच्या मधेच संपतं. समोरची ट्रॉलर दुप्पट वेगाची असते. आणि सगळ्यात अवघड म्हणजे बाटली फेकणारा आपल्या पोराचा धर्मपिता निघतो. गाव लहान, नाती दाट. पकडलं तर जेवायला बोलावणं बंद, सोडलं तर राखणीला अर्थ नाही. ज्या नगरपालिका दोन शेजारगावांची गस्त एकमेकांच्या पाण्यात लावतात, त्यांना हा पेच थोडा सैल करता येतो.

इथे शब्दांचं एक बारीक राजकारण आहे. तागालोगमध्ये रखवालदाराला 'तानोद' असाही शब्द आहे. देशाच्या तटरक्षक दलाचं फिलिपिनो नाव 'तानोद बायबायिन'. बारांगाय, म्हणजे गावपातळीवरच्या, पहारेकऱ्याला 'बारांगाय तानोद' म्हणतात, आणि विम्यासारख्या सवलतींसाठी एका बारांगायमागे त्यांची मर्यादा २०. लोकपालाला 'तानोदबायान' म्हणतात. गणवेश, यादी, शिक्का आला की तानोद. मोठ्या पांढऱ्या जहाजावर तानोद आणि बांबूच्या होडीत बान्ताय. स्पॅनिशांनी 'ग्वार्दिया' आणला, त्याचा 'ग्वार्दिया सिव्हिल' झाला आणि लोकांनी तो भीतीने लक्षात ठेवला. मॉलच्या दारातल्या सुरक्षारक्षकाला 'सेक्यु' म्हणतात. घरच्या कुत्र्याचं नाव मात्र ग्वार्दिया किंवा सेक्यु ठेवत नाहीत. ते 'बान्ताय' असतं, जसा आपला वाघ्या किंवा मोत्या.

आता हा शब्द सगळीकडे आला कुठून? भाषावैज्ञानिक त्याच्याआधी तारका (*), म्हणजे 'हे रूप लिहिलेलं सापडलेलं नाही, अंदाजाने बांधलेलं आहे' याची खूण, लावून सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या मूळ फिलिपिनी भाषेपर्यंत नेतात. तशी एकच मूळ भाषा होती का, यावरच त्यांच्यात वाद आहे. रॉबर्ट ब्लस्ट यांनी होती असं ठामपणे मांडलं, लॉरेन्स रीड यांना ते पटत नाही.

वाद का मिटत नाही, हे दुसऱ्या एका शब्दाशेजारी ठेवलं की समजतं. 'शीर, मूळ' या अर्थाचा जुना शब्द तागालोगमध्ये 'उगात', इलोकानोत 'उरात', कापांपांगानमध्ये 'उयात', पांगासिनानमध्ये 'उलात'. मधला जुना ध्वनी प्रत्येक भाषेने आपल्या नियमाने बदलला. त्यामुळे उसना शब्द पकडता येतो. इलोकानोत अंड्याला 'इतलोग' म्हणतात. वारशाने आला असता तर शेवटी 'र' हवा होता. 'ग' आहे, म्हणजे तो बाहेरून आला. 'सहा'सुद्धा असाच बोलका : तागालोग आनिम, सेबुआनो उनोम, इलोकानो इन्नेम, कापांपांगान आनाम, स्वर ऐकून भाषा ओळखावी.

बान्तायमध्ये मात्र ब, न, त, य आणि दोन 'आ'. यातला एकही ध्वनी बहुतेक भाषांत बदललाच नाही, त्यामुळे वारसा की उसनवारी हे शब्दाकडे बघून सांगता येत नाही. सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या शब्दाच्या अंगावर ओळखीची एकही खूण नाही, याची गंमत वाटते. अपवाद कापांपांगानचा. तिथे शेवटचा 'आय' बदलून 'ए' होतो : शेजारच्या भाषांतलं 'बालाय', म्हणजे घर, तिथे 'बाले' होतं. त्याच चालीने बान्तायचा 'बान्ते' झाला आणि रखवालदार 'तालाबान्ते'. म्हणजे निदान तिथे तरी तो हा बदल व्हायच्या आधीपासून मुक्कामाला आहे.

इलोकानोत आणखी एक कोडं आहे. तिथे 'बान्ताय' म्हणजे डोंगरही. विगानजवळ बान्ताय नावाचं गाव आहे, तिथल्या चर्चचा विटांचा घंटाबुरूज चर्चपासून वेगळा, टेकाडावर उभा आहे, आणि टेहळणीसाठीही वापरला गेला. गावाला नाव राखणीवरून मिळालं की डोंगरावरून, यावर लोक दोन्ही बाजूंनी बोलतात. बुरुजाशी उभं राहून खाली पाहिलं की दोन्ही उत्तरं सारखीच पटतात.

शेजारच्या मलयमध्ये शोधायला गेलात तर मात्र फसाल. तिथे 'बांताई' म्हणजे कापणं, कत्तल. राखणीला मलय शब्द आहे 'जागा', आणि तो संस्कृत 'जागर'मधून गेलेला. दक्षिण फिलिपिन्समधल्या ताउसुग भाषेतही राखणीला 'जागा' म्हणतात. आपल्या गावगाड्यातला जागल्या, खंडोबाचं जागरण आणि सुलूच्या बेटावरचा रात्रीचा पहारेकरी एकाच धातूवर जगतात. आपण न झोपण्याला धरून बसलो, बान्ताय बघण्याला. पहाटेच्या वॉर्डात हा फरक फारसा उरत नाही म्हणा.

रखवालदारच चोर निघाला तर? तागालोगमध्ये त्याला 'बान्ताय-सालाकाय' म्हणतात. सालाकाय म्हणजे हल्ला. गल्ला सांभाळायला ठेवलेला गल्ल्यात हात घालतो, अभयारण्याचा पहारेकरी रात्री आत जाळं टाकतो. आपल्याकडे कुंपण शेत खातं. आपली म्हण वाक्य मांडते, त्यांची दोन शब्द शेजारी ठेवून गप्प बसते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना ती फार सोयीची पडते आणि दुर्दैवाने वारंवार लागते.

रोजच्या बोलण्यात याहून कितीतरी जास्त ऐकू येतं ते 'पाबान्ताय'. आधी 'पा' लावला की विनंती होते : माझ्यासाठी जरा लक्ष ठेवता का. बसस्टँडवर बाकड्यापाशी पोतं, खोका आणि दोरीने बांधलेला कोंबडा ठेवून बाई शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणते, "पाबान्ताय पो, सागलित लांग." आदराचा 'पो', आणि 'एक मिनिटच'. तो माणूस तोंडाने काही बोलत नाही. फक्त भुवया वर उडवतो, तिकडे होकार असाच देतात, आणि पाय थोडा सरकवून पोत्याला टेकवतो.